चाकावरची झालर

यंदाच्या उन्हाळ्यांत आमच्या घरांत एका प्रश्नावरून दोन पक्ष पडले. प्रश्न राजकारणाचा नव्हता, धर्माचा नव्हता, फार काय, आमटींत गूळ घालावा कीं नाहीं हाहि नव्हता. तो होता आमच्या वीस वर्षांहून जुन्या पिकअप गाडीच्या चाकांवरील चार प्लास्टिकच्या पट्ट्यांचा. त्या बदलाव्या, रंगवाव्या आणि मग गाडी विकावी, इथपर्यंत दोन्ही पक्षांचें एकमत होतें. जुन्या पट्ट्या काढल्यावर त्यांच्याखालीं जें दिसलें तें विकत घेणाराला दाखवावें कीं नाहीं, येथें मात्र मतभेद सुरू झाला.

आम्ही अमेरिकेंत डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरांत राहतों. पुढें दोघां-तिघांना बसण्याची जागा आणि मागें उघडा हौदा अशी जी मोटार असते तिला पिकअप म्हणतात, आणि आपल्याकडील शेतकऱ्याला बैलगाडी तशी ती येथल्या लोकांना जिव्हाळ्याची वाटते. माझ्यासारख्या लेखणीबहाद्दराला तिची काय जरूर, असें वाचक विचारतील. बिऱ्हाड बदलणाऱ्या मित्रांचीं कपाटें वाहणें आणि गणेशोत्सवांत मंडळाचें मखर नेणें हीं दोन कामें तिनें इतकीं वर्षें बिनबोभाट केलीं. एवढें समर्थन मला पुरेसें वाटतें. तिच्या प्रत्येक चाकावर पत्र्याची एक कमान असते, आणि त्या कमानीच्या कडेला बाहेरून बसविलेली रुंद पट्टी म्हणजे फेंडर फ्लेअर. फेंडर हें आपलें मडगार्ड आणि फ्लेअर हा त्याचा बाहेर फांकलेला घेर. परकराला जशी झालर, तशी मडगार्डाला ही पट्टी.

या झालरीलाहि इतिहास आहे. १९२५ सालीं फोर्ड कंपनीनें आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यांतच हौदा बसवून ती विकावयास काढली, तेव्हां तिचीं मडगार्डें सायकलीच्या मडगार्डांप्रमाणें अंगाबाहेर, निराळीं दिसणारीं होतीं. पुढें तीस वर्षांनीं रुचि पालटली. १९५५ ची शेव्हरोले कॅमिओ आणि १९५७ ची फोर्ड स्टाइलसाइड यांच्या हौद्यांच्या बाजू सपाट झाल्या आणि चाकें पोटांत शिरलीं. गाडी देखणी झाली खरी. पण टायर रुंद होऊं लागले तसतसे चिखल आणि खडे त्या देखण्या बाजूंवर उडूं लागले, आणि पोटांत घेतलेलें मडगार्ड पट्टीच्या रूपानें पुन्हां बाहेर डोकावलें. फॅशनचें चक्र केवळ बायकांच्या पोलक्यांच्या बाह्यांपुरतेंच फिरतें असें नाहीं.

आमच्या पट्ट्या उन्हानें राखेसारख्या करड्या झाल्या होत्या आणि एकीचा तर तुकडाच गळून पडला होता. त्या कांहीं बोल्टांनीं व कांहीं प्लास्टिकच्या खुंट्यांनीं धरलेल्या असतात. बोल्ट गंजून पत्र्याशीं एकजीव झाले होते. आदल्या रात्रीं त्यांवर तेल सोडून ठेवलें, तरी दोन मोडलेच. मागची डावी पट्टी सुटून आली तशी तिच्यामागून ओंजळभर वाळलेला चिखल खालीं पडला. तो चिखल खारा असणार हें सांगावयास जिभेची जरूर नव्हती. हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून येथें रस्त्यांवर मीठ टाकतात. ही चाल १९३८ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानांत प्रयोगादाखल सुरू झाली. आणि योग असा कीं, मोटारींचें माहेर म्हणून नांवाजलेल्या या डेट्रॉइट शहराच्या पोटांत, सुमारें १,२०० फूट खोल, मिठाची प्रचंड खाण आहे. ज्या गांवानें गाडीला जन्म द्यावा त्याच गांवच्या भुईनें तिला खाऊन टाकावें! पट्टी दगडांचा मार चुकविते, पण तिच्या व पत्र्याच्या मधल्या फटींत हा खारा चिखल ठाण मांडतो आणि ओल धरून ठेवतो. पहारेकऱ्यानेंच चोराला निजावयास ओसरी द्यावी तसा हा प्रकार.

पुढच्या दोन्ही कमानी शाबूत होत्या. मागच्या डाव्या कमानीचा पत्रा फुगलेला दिसला म्हणून स्क्रूड्रायव्हरनें टोंचला, तों टोंक आरपार गेलें. हौद्याची कमान कांहीं गाडीचा भार वाहत नाहीं. ती कुजली म्हणून गाडी मोडून पडत नाहीं. पण जें मीठ येथें पोंचलें तें आणखी कोठें पोंचलें असेल, असा विचार मनांत येऊन मी गाडीखालीं शिरलों. चेसिसवर गंजाचे पापुद्रे होते, तरी हातोडीचा ठोका घालतांच लोखंड खणखणीत बोललें. ब्रेकचें तेल मागच्या चाकांकडे नेणारी पोलादी नळी मात्र एका ठिकाणीं खवले धरून अशी फुगली होती कीं, तिच्या भरवशावर कोणी गल्लीच्या टोंकापर्यंतहि जाऊं नये.

आतां गिऱ्हाइकाविषयीं. तो सातारा जिल्ह्यांतला, पंचविशीच्या आंतला मुलगा; मंडळाच्या दिवाळीच्या फराळाला आमची ओळख झाली. मिशिगन संस्थानाच्या पार उत्तरेस हॉटन गांवीं तो शिकतो. डेट्रॉइटहून तें सुमारें ५५० मैल. वाटेंत ५ मैल लांबीचा मॅकिनॉ पूल लागतो, आणि हिवाळ्यांत तेथें २०० इंचांच्या घरांत बर्फ पडतें. जुनी, स्वस्त पण भक्कम गाडी त्याला हवी होती. मीं म्हटलें, "बाबा रे, नीट पाहून घे." तर तो म्हणाला, "काका, तुम्ही वापरलेली गाडी. मी आणखी काय पाहायचं?"

त्या वाक्यानें माझी दोन रात्रींची झोंप उडविली. मिशिगनमध्यें खासगी मोटारींची ठराविक मुदतीनें सक्तीची तपासणी होत नाहीं. जुनी गाडी एकानें दुसऱ्याला विकावयाची ती बहुधा 'जशी आहे तशी' या बोलीवर. म्हणजे कायद्याचा डोळा नाहीं, गिऱ्हाइकाचा डोळा विश्वासानें मिटलेला. उरला तो एकट्या विकणाराचा.

शेजारचे वृद्ध गृहस्थ आणि सौ. हीं दोघें एका पक्षाला होतीं. गृहस्थांचें आयुष्य मोटारींचे पत्रे ठोकण्यांत गेलें आहे. नवी पट्टी त्या भोकावर टोपीसारखी बसेल, असा त्यांनीं निर्वाळा दिला. आणि खरोखर, इकडे या पट्ट्या घेणारे पुष्कळजण गंज झांकण्यासाठींच त्या घेतात. सौ.चें म्हणणें अधिक बारीक होतें. "अहो, ब्रेकची नळी बदलून द्या, तें झालंच पाहिजे. पण कमानीचं भोक कशाला दाखवायचं? त्यानं काय त्याच्या जिवाला अपाय होणार आहे? झांकली मूठ सव्वा लाखाची. मुलगी बघायला मंडळी येतात, तेव्हां भिंतीला कुठं पोपडे आलेत तें कुणी सांगत बसतं का?"

या युक्तिवादांत वजन होतें. धोक्याची गोष्ट सांगावी आणि शोभेची झांकावी, ही सीमा सोयीची तर आहेच, शहाणपणाचीहि वाटते. मला ती पटेना याचें कारण एवढेंच कीं, ती आंखणारा नेहमीं विकणाराच असतो. भोक शोभेचें कीं धोक्याचें हें पुढल्या चार हिवाळ्यांचें मीठ ठरविणार, आणि त्या वेळीं गाडीखालीं मी नसून तो मुलगा असणार.

वाद चालूं असतांना रंगाचें काम थांबलें नव्हतें. नव्या पट्ट्या काळ्या आल्या होत्या. गाडी गडद हिरवी. रंगाचा सांकेतिक अंक दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर सांपडला. परंतु प्लास्टिक रंगविणें म्हणजे भिंत रंगविणें नव्हे. पट्टीच्या आंतल्या अंगाला 'पीपी' हीं अक्षरें उठविलेलीं होतीं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांनीं १९५४ सालीं हें द्रव्य स्फटिकरूपांत तयार केलें आणि १९६३ चें नोबेल पारितोषिक जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्यासह मिळविलें. तें इतकें हलकें कीं पाण्यावर तरंगतें. अक्षरें नसलीं तर कडेचा बारीकसा कपचा तासून पाण्यांत टाकावा, म्हणजे पारख होते. पण त्याचा स्वभाव मोठा अलिप्त. त्याच्या अंगावर पाणी पसरत नाहीं, रंगहि पसरत नाहीं; लावलाच तर वाळून सालपटासारखा निघून येतो.

म्हणून दोहोंमध्यें एक मध्यस्थ लागतो. क्लोरिनचा संस्कार केलेल्या त्याच जातीच्या द्रव्याचा हा पातळ द्राव. एका अंगानें पट्टीचा सोयरा, दुसऱ्या अंगानें रंगाचा. तो फवारतांना मला लहानपणीं आमच्या वाड्याच्या चौकांत बसणारा कल्हईवाला आठवला. भांडें घांसून, भात्यावर तापवून तो आंत नवसागराची चिमूट टाकी, आणि त्या पांढऱ्या धुराबरोबर कथील भांड्याला असें कवटाळी कीं पाहत राहावें. नवसागर नसता तर तेंच कथील मणी होऊन घरंगळलें असतें. आजी दर खेपेला जवळ उभी राही, ती कथलावर नजर ठेवण्यासाठीं नव्हे. घांसणी नीट होते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं. येथेंहि तोच क्रम: साबणानें धुवावें, खरखरीत घांसणीनें चकाकी मारावी, पुसावें, मग मध्यस्थ, तो निर्जीव होण्यापूर्वींच हिरवा रंग, आणि शेवटीं पारदर्शक लेप. फवारा वीतभर दूर धरून पातळ पातळ हात द्यावे, दोन हातांमध्यें दहा-पंधरा मिनिटें थांबावें. एकदांच जाड दिला कीं तो ओघळलाच. तोंडाला मुखवटा हवा आणि हवा ऊबदार हवी. पट्ट्या सुरेख झाल्या. मात्र त्यांचा रंग कारखान्यांतून नुकत्याच निघालेल्या गाडीचा होता, आणि आमच्या गाडीनें वीस उन्हाळे पाहिले होते. तिच्या अंगाला लावून धरल्या, तेव्हां म्हाताऱ्यानें मिशांना कलप लावावा तशा त्या दिसल्या.

शनिवारीं मुलगा आला. मागच्या पट्ट्या मीं अजून बसविल्या नव्हत्या. त्याच्या हातीं विजेची बत्ती आणि स्क्रूड्रायव्हर दिला, भोक दाखविलें, आणि खालीं चटई टाकून नळीहि दाखविली. तो बराच वेळ गाडीखालीं राहिला. बाहेर आला तेव्हां त्याच्या मुद्रेवर स्पष्ट निराशा होती. "काका, मला वाटलं होतं गाडी एकदम चांगली आहे," तो म्हणाला, आणि थोडें थांबून, निराळ्याच आवाजांत, "नळीला किती लागतील? आणि पत्र्याला?" त्यानंतर तासभर आमची घासाघीस चालली. मंडळांत माझ्यासमोर मान खालीं घालून बोलणारा मुलगा एकेका डॉलरसाठीं भांडत होता. सौ. चहा घेऊन आली ती दारांतच थबकली.

ठरलें तें असें. नळी माझ्या खर्चानें कारागिराकडून बदलून घ्यावयाची, आणि पत्र्याचे पैसे किंमतींतून वजा. कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडण्याचें काम तो आपल्या गांवीं करून घेणार. आणि तें होईपर्यंत मागच्या चाकांवर पट्ट्या लावावयाच्या नाहींत, कारण पुन्हां चिखल सांचेल. ही शेवटची अट त्याची. त्यामुळें गाडी निघाली तेव्हां पुढचीं चाकें नव्या हिरव्या झालरींत आणि मागचीं उघडींबोडकीं होतीं. अर्धी मिशी उतरविलेल्या माणसासारखी दिसते, असें सौ. म्हणाली. तरी मागच्या पट्ट्या तिनेंच आपल्या जुन्या पातळांत गुंडाळून हौद्यांत ठेवल्या, आणि लाडवांचा डबा पुढें त्याच्याजवळ दिला. मॅकिनॉ पूल ओलांडल्यावर त्याचा फोन आला. ब्रेक उत्तम लागतात म्हणाला; मात्र मागच्या उजव्या चाकाकडून कसलासा आवाज येतो, तो आधींपासून येत होता का, असेंहि त्यानें विचारलें.