काळोखाचे सूर

आमचे थोरले बंधू गेल्यापासून पुतण्या अबोल झाला होता. परवा संकेश्वरास आला, तेव्हा त्याने आम्हांस 'द क्युअर' या इंग्रज वाद्यवृंदाचा 'डिसइंटिग्रेशन' हा १९८९ चा गीतसंग्रह ऐकविला. सिंथेसायझरचे सूर हिरण्यकेशीवरील धुक्यासारखे पसरत गेले. गायकाचा आवाज फार उशिरा आला. "कोण गेलंय रे यांचं?" सौभाग्यवतींनी विचारले अन् लगेच जीभ चावली. आम्हांस त्याच वर्षीच्या 'निवडुंग' चित्रपटातील, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले ग्रेस यांचे गीत आठवले. ते लावले. "काका, बाबा हेच ऐकायचे," एवढेच तो बोलला आणि त्यास रडू कोसळले. दुःखास भाषा कोणतीही चालते. ऐकणारे मात्र जवळ असावे लागते.