डोहात कोण उरतं?

चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते. माजलगावच्या मासळीबाजारात पाटीतल्या मादीचं तोंड मी उघडून बघते, तेव्हा कधीकधी आत पिवळसर अंडी दिसतात. रोहूला विणीसाठी पावसाळ्याचं चढतं, वाहतं पाणी लागतं. चिलापीला साठलेलं, कोमट पाणी पुरतं आणि ती वर्षातून कितीतरी वेळा विणते. बंधाऱ्यांच्या मुलखात तिचं फावणारच.

हा आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आणला गेला. जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण मासा सापडला म्हणजे नुकसान झालं, असं मी लिहीत नाही. रोहूसुद्धा मूळचा गंगेकडचा, आपल्या नद्यांत माणसानंच सोडलेला. परक्या जीवांचा परिणाम मोजण्यासाठी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 साली पाच पायऱ्यांची पद्धत स्वीकारली. तिच्यात प्रश्न एकच असतो: स्थानिक जातीचं काय झालं? ती नुसती रोडावली, संख्येनं घटली, की त्या पाण्यातून नाहीशीच झाली? नाहीशी झाली असेल, तर परका मासा हटवल्यावर परत येईल का?

बीडमध्ये हे ठरवणं अवघड आहे, कारण मासे मरायला इथं इतर कारणं कमी नाहीत. वाळूउपसा आहे, सांडपाणी आहे, दुष्काळ आहे. 2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या वर्षी मासे गेले त्याचा दोष चिलापीवर टाकणं खोटं ठरेल. शिवाय पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी माजलगाव धरणात येतं, म्हणजे पैठणच्या नाथसागर जलाशयातल्या माशांना सिंदफणा नदीपर्यंत वाट मोकळी आहे.

म्हणून मी डोह मोजते. सिंदफणा, बिंदुसरा या नद्या उन्हाळ्यात तुटतात आणि उरलेले मासे डोहांत अडकतात. सारख्या खोलीचे, सारख्या तळाचे डोह निवडायचे, काही चिलापीचे आणि काही तिच्याविना. दोन्हीकडे एकाच आसाचं जाळं, तितकाच वेळ लावायचं. वाम, मरळ, शिंगटा यांची पिल्लं मोजायची. मोठे मासे कितीही मिळोत, पिल्लं नसतील तर ती जात तिथं संपत चालली आहे. जून उजाडण्याआधी पुन्हा त्याच डोहांवर जायचं. एका वर्षाच्या मोजणीवर मी निष्कर्ष काढत नाही. पाऊस दरवर्षी वेगळा असतो.

मला खरी भीती थाई मांगूरची वाटते. तो हवेतूनही श्वास घेतो, मिळेल ते खातो आणि चिखलातही तगतो. आटत्या डोहात पाण्यातला प्राणवायू संपून इतर बहुतेक मासे गुदमरतात, तेव्हाही हा उरतो. केंद्र सरकारनं 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी राज्यात तो चोरून पाळला जातो. कुठल्याही शेततळ्यातून तो नदीत गेला, तर त्याला परत काढण्याचा उपाय आमच्याकडे नाही.

धरणांआधी या नद्यांत काय होतं, याची नीट नोंद फारशी नाही. ती नदीकाठच्या भोई कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. मंजरथला, गेवराईला, पाटोद्याला तुमच्या घरात असं कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. लहानपणी जाळ्यात येणाऱ्या माशांची नावं त्यांच्याच शब्दांत, गाव आणि डोहाच्या नावासह लिहून ठेवा. आणि घरातल्या काचपेटीतला मासा नकोसा झाला, तर तो विहिरीत किंवा नदीत सोडू नका.