फुंकर ज्याची त्याची

बासरी शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये एक रेकॉर्डिंग असतं. बहुतेक वेळा हरिप्रसाद चौरसियांचं. 'दादा, मला असं वाजवायचंय.'

सूर आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. सुरात तडजोड नाही. वरची तीन भोकं बंद केल्यावर येणारा सा तानपुऱ्याला मिळालाच पाहिजे. ते ट्यूनर अ‍ॅपही सांगतं. आवाजाचं तसं नाही. फुंकर भोकाच्या पलीकडच्या कडेवर कशी आपटते, ओठ भोक किती झाकतो, यावर तो ठरतो. आणि ओठ प्रत्येकाचे वेगळे.

माझ्याकडे नववीतली एक मुलगी येते. माझं बघून ती ओठ ताणायची, मी ताणतो तितकेच. तिचे ओठ जाड, त्यामुळे आवाज फाटायचा. दोन महिन्यांनी म्हणाली, 'मला नाही जमणार बहुतेक. सोडते.'

तेव्हा मला अन्नपूर्णा देवी आठवल्या. त्या सूरबहार वाजवायच्या. हरिप्रसादजींना त्यांनी गाऊन शिकवलं. त्यांचे वडील अल्लाउद्दीन खाँ सरोदिये, आणि लांब बासरीला शास्त्रीय मैफलीत आणणारे पन्नालाल घोष त्यांच्याकडे शिकले. दोन्हीकडे नक्कल करायला गुरूच्या हातात बासरीच नव्हती. राग कसा वाढवायचा ते गुरूकडून मिळालं, फुंकर ज्याची त्याने शोधली. हरिप्रसादजींनी तर सगळं नव्याने शिकायची तयारी म्हणून बासरी उजवीकडून डावीकडे घेतली. आज मुलं व्हिडिओ बघून ती डावी बाजू तेवढी उचलतात.

मी माझी बासरी पिशवीत ठेवली. तिला स्वरावली गाऊन दाखवायला लागलो. घरी रोज पंधरा मिनिटं फक्त मंद्र पंचम. ओठ सैल सोड, बासरी किंचित आत-बाहेर वळव, आवाज भरला की तिथे थांब. तीन आठवडे नुसती हवाच ऐकू आली. मग एका रविवारी पंचम लागला. माझा आवाज बारीक, टोकदार आहे. तिचा जाड, थोडा घोगरा. तो मी तिला देऊच शकलो नसतो.

याची किंमत आहे. एका मुलाच्या वडिलांनी त्याला काढून घेतलं. 'आठ महिने झाले, एक गाणं वाजवता येत नाही.' त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. गॅदरिंगला मुलाने काहीतरी वाजवावं, असं कुणालाही वाटणारच. शिवाय शिष्य आपल्यासारखा वाजला की लोक 'अगदी तुमच्यासारखंच हो' म्हणतात, आणि ते ऐकायला मलाही आवडतं. तिच्याबद्दल असं कुणी म्हणणार नाही.

परवा तिने विचारलं, 'दादा, सुरात ही हवा ऐकू येते. घालवू की ठेवू?'

मी म्हटलं, 'दोन्ही तऱ्हेने रेकॉर्ड कर, ऐक, आणि काय ठरवलंस ते रविवारी मला सांग.'