चुकलेली एस. टी.

आमच्या घरी प्रवास म्हणजे ऊसतोड. हौसेखातर कुणी गाव सोडल्याचे ऐकिवात नाही. म्हणून दसऱ्यानंतर कळसूबाईला निघालो तेव्हा वडिलांना 'मित्राकडे अभ्यासाला जातो' असे ठोकून दिले. (मित्र बरोबर नव्हताच!)

बारी गावातून चढलो. लोखंडी शिड्यांवर पाय लटपटले. पण १६४६ मीटरवर, महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्यावर, देवीच्या इवल्या देवळापाशी असा रमलो की खाली येईतो घोटीची शेवटची एस. टी. निघून गेली होती.

एका आजींनी ओटीवर जागा दिली, नागलीची भाकरी वाढली.

"कामाला आला होतास का रे बाबा?"

"नाही आजी, डोंगर चढायला."

"नुसताच?"

त्या खूप हसल्या. मला मात्र भाकरी गिळवेना. घरी वडील वाट पाहत असतील, हे तेव्हा सुचले.

सकाळी पोहोचलो तर ते दारातच बसलेले. डोळे तांबारलेले. सारे खरे सांगून टाकले. बराच वेळ ते बोलले नाहीत. आठ दिवसांनी कोयता घेऊन निघायचे होते त्यांना.

मग म्हणाले, "आपण तोडीला जातो, तो मुलूख दिसतो का रं वरून?"

मी त्या दिशेला पाहिलेच नव्हते.