अकिहाबाराच्या बोळात भोंग्याची वाटी

शनिवार. सकाळचे साडेदहा. बाहेर भुरभुर पाऊस, आणि मी टोकियोच्या मेट्रोत खिशात एक जळकी वाटी घेऊन उभा. वाटी म्हणजे भोंग्याच्या ड्रायव्हरमधला डायफ्रॅम. अॅल्युमिनियमची, कागदापेक्षा पातळ, साधारण पावणेदोन इंच व्यासाची, कडेला बारीक तारेचं वेटोळं असलेली चकती. तिला ‘वाटी’ म्हणतात आमचे काका. त्यांच्याकडून ऐकल्यापासून मलाही दुसरं नाव तोंडात येत नाही.

प्रोजेक्टसाठी तीन महिने टोकियोत होतो. राहायला अर्थातच निशी-कसाई! आपली आयटीवाली मंडळी तिथे इतकी आहेत, की संध्याकाळी स्टेशनबाहेर मराठी कानावर पडलं तर वळूनसुद्धा बघत नाही. तिथून तोझाई लाइनने कायाबाचो, तिथे गाडी बदलून हिबिया लाइनने अकिहाबारा. बरोबरचे सगळे त्या दिवशी फुजी बघायला गेले होते. मी म्हटलं, मला ऑफिसचं काम आहे. खोटं बोललो. त्या दिवसांत मी बरंच खोटं बोलत होतो, ते पुढे येईलच.

आधी भोंग्यांची गोष्ट. काका मिरजेच्या एका थिएटरात ऑपरेटर होते. तीस-पस्तीस वर्षं प्रोजेक्टरच्या खोलीत काढली. थिएटर बंद पडलं तेव्हा राहिलेल्या पगारापोटी मालकांनी त्यांना काय दिलं असेल? पडद्यामागचे दोन भोंगे आणि त्यांचे ड्रायव्हर! अल्टेक कंपनीचे, थिएटरने कधीकाळी मुंबईहून सेकंडहॅन्ड आणलेले. खालची लाकडी खोकी वाळवीने खाल्लेली होती, ती तिथेच टाकून दिली. भोंगे घरी आले आणि माळ्यावर बसले. काकू होती तोवर दर दिवाळीच्या साफसफाईत त्यावरून भांडण व्हायचं. मागच्या वर्षी काकांनी मला फोन केला, “तुझ्या पुण्याच्या फ्लॅटात जागा आहे का रे? मी आता माळ्यावर चढू शकत नाही.”

जागा नव्हती. मी हो म्हटलं.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. अल्टेक हे नाव ‘ऑल टेक्निकल’वरून आलं. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकची थिएटरं सांभाळणाऱ्या इंजिनिअरांनी १९३७ मध्ये ही कंपनी काढली. १९४१ मध्ये जेम्स लान्सिंग यांचा कारखाना त्यांनी विकत घेतला आणि १९४५ मध्ये ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ नावाचे स्पीकर बाजारात आणले. पुढची कितीतरी वर्षं जगभरच्या सिनेमाच्या पडद्यामागे तेच बोलत होते. लान्सिंग १९४६ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची वेगळी कंपनी काढली. तीच आजची जेबीएल. तुमच्या डेस्कवरच्या त्या छोट्या ब्लूटूथ डबीचे आजोबा कोण, ते आता कळलं असेल.

आणि भोंगाच का? शेतात लांब हाक मारताना आपण तोंडाभोवती हाताची ओंजळ धरतो ना, तेच. छोट्या वाटीला खोलीतली एवढी हवा एकटीने हलवता येत नाही. भोंगा मधे बसतो, अरुंद गळ्यापासून हळूहळू रुंदावत जातो आणि तिची ढकल हवेपर्यंत नीट पोचवतो. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात अॅम्प्लिफायर मिळायचे जेमतेम दहा-वीस वॉटचे, आणि समोर बसलेली हजार माणसं. तेव्हा भोंग्यावाचून इलाजच नव्हता. आपल्या दिवाणखान्यातला साधा स्पीकर एका वॉटला ८८ डेसिबलच्या आसपास देतो, हे थिएटरवाले १०० च्या वर जातात. बारा डेसिबलचा फरक म्हणजे जवळपास सोळापट पॉवर! म्हणूनच पाच-दहा वॉटच्या व्हॉल्व्हच्या अॅम्पवरसुद्धा ते घर हलवतात. शेजाऱ्यांचंही.

जुना आराखडा घेऊन मी सुताराकडून खोकी करून घेतली. अठरा एमएमचा प्लाय, साडेचार फूट उंच, अडीच फूट रुंद. सुताराने दोनदा विचारलं, “साहेब, कपाटाला दारं कुठायत?” भोंगे पत्र्याचे. बोटाने टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखे वाजायचे, आणि हा आवाज गाण्यातही मिसळतो. म्हणून बाहेरून डांबराच्या चिकट शीट लावल्या. क्रॉसओव्हरमधले जुने कपॅसिटर सुकले होते, ते काढले, नवे मागवले. नवे यायला आठ दिवस होते. मला धीर नव्हता.

मी एक ड्रायव्हर थेट अॅम्पला जोडला. मधे कपॅसिटर नाही, काही नाही. अॅम्पचं बटण दाबलं, ‘धप्’ झालं, आणि संपलं. सोळा ओहमच्या ड्रायव्हरला ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं अडवायला साधारण १२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. दोनशे-तीनशे रुपयांची गोष्ट. तो नसला की वीज थेट त्या केसाएवढ्या तारेत घुसते. काकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, “सामान यायचंय अजून.” दोन महिने सामान यायचंच होतं.

म्हणून अकिहाबारा!

तुमच्या डोक्यात अकिहाबारा म्हणजे अॅनिमे, मेड कॅफे आणि पाच मजली गेमिंगची दुकानं असतील. ती आहेतच. पण ‘इलेक्ट्रिक टाउन’ लिहिलेल्या बाजूने स्टेशनाबाहेर पडलात, की रुळांच्या खालीच एक बोळ आत जातो. हे रेडिओ सेंटर. युद्धानंतर या भागात रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरायचा, बराचसा काळाबाजारच. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले उठवायचा हुकूम निघाला, आणि त्यातले बरेचजण सोबू लाइनच्या पुलाखाली आले. अजून आहेत. एकेक दुकान आपल्या पानाच्या टपरीएवढं. मालक मधोमध अडकलेला, आणि चहूबाजूंनी डब्यांत स्क्रू, स्विच, तारा, कॉइल. समोरून माणूस आला तर एकाने कडेला व्हायचं. डोक्यावरून गाडी गेली की डबे हलके किणकिणतात. लॅमिंग्टन रोडला ज्यांनी दुपारी घालवल्या आहेत त्यांना इथे माहेरी आल्यासारखं वाटेल. फरक इतकाच, की इथे कुणी “क्या चाहिए बॉस?” म्हणून हाक मारत नाही.

सगळं टिकलंय असं मात्र नाही. शेजारचं रेडिओ स्टोअर २०१३ मध्ये बंद झालं. उरलेल्या दुकानांत बसलेली माणसं बहुतेक सत्तरीच्या पुढची.

मला हवं होतं ते मिळालं जवळच्या रेडिओ डिपार्टमेंट स्टोअरमध्ये. नाव भारदस्त, पण आत तीच गाळ्यांची गर्दी, मजल्यांवर मजले. जुने व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, मीटर. एका गाळ्यात ‘मुसेन तो जिक्केन’ची चळत होती. म्हणजे ‘बिनतारी आणि प्रयोग’. १९२४ पासूनचं हे नियतकालिक जपानच्या घरगुती स्पीकर बनवणाऱ्यांची पोथीच म्हणा. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेची थिएटरं जुने भोंगे टाकून देत होती तेव्हा जपानी हौशी लोक ते बोटीने मागवत होते. आज तेच सामान शोधत जगभरचे लोक इथे येतात.

गाळ्यातल्या आजोबांपुढे मी वाटी ठेवली. त्यांनी भिंग लावलं. तार कुठे तुटली ते मला दाखवलं आणि फोनमधल्या भाषांतराच्या अॅपला काहीतरी म्हणाले. अॅपने विचारलं, “हे कसे मेले?”

मी खुणेने दाखवलं. अॅम्प, तार, मधे काही नाही. त्यांनी दात आवळून हवा आत ओढली. जपानी माणूस असा आवाज काढतो तेव्हा समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मग त्यांनी दोन पर्याय मांडले. नव्या बनावटीच्या दोन वाट्या, १८ हजार येन. किंवा जुनी, अस्सल, एकच, १४ हजार. मी पटकन अस्सलवर बोट ठेवलं. ते विकायला तयारच होईनात! “दुसरी कुठे आहे?” म्हटलं, पुण्याला. दुसरीचं मोजमाप कळल्याशिवाय देणार नाही म्हणाले. एक आठ ओहमची आणि एक सोळाची लागली तर दोन्ही बाजूंचा आवाज सारखा कसा होणार?

टोकियोत साडेबारा म्हणजे पुण्यात नऊ. व्हिडिओ कॉल लावला. बायको चहाचा कप घेऊन आली. “मल्टीमीटर कुठाय?” “तुझ्याच खणात असेल, मी कशाला हात लावते?” पुढची दहा मिनिटं रेकॉर्ड करायला हवी होती. इकडे आजोबा जपानीत सांगतायत, मी मराठीत सांगतोय, ती गाउनवर भोंग्याच्या मागे शिरून तारा सोडवतेय. मीटर सोळा दाखवत नाही म्हणून ती घाबरली. पण तो दाखवणारच नसतो, साध्या मीटरवर आकडा कमीच येतो. आजोबांनी त्यांच्या वाटीला मीटर लावला. आकडे जुळले. पलीकडून बायकोने आणि अलीकडून आजोबांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला.

फोन ठेवताना ती म्हणाली, “काकांना सांगितलंस का?”

वाटी घेतली. आजोबांनी ती कापसात, मग डबीत, मग पिशवीत घालून दिली, आणि वर स्वतःकडून एक कपॅसिटर टाकला. पैसे घेतले नाहीत.

तिथून पाच-दहा मिनिटांवर कांदा म्योजिन हे जुनं देऊळ आहे. गंमत म्हणजे तिथे कॉम्प्युटर आणि डेटा सुरक्षित राहावा म्हणून ताईत मिळतात! टीमसाठी चार घेतले. पायऱ्यांशी पाऊस चुकवत उभा राहिलो आणि मिरजेला फोन लावला.

“काका, एक वाटी जळली. माझ्या हातून. दोन महिने झाले.”

पलीकडे पेपरची घडी झाल्याचा आवाज आला.

“कपॅसिटर लावला नव्हतास?”

“नव्हता.”

“मी एक जाळली होती,” काका म्हणाले. “शेवटच्या शोला. निम्मं थिएटर बोंबललं. तीन महिने पगारातून कापत होते.” थोडं थांबून म्हणाले, “दोन महिने बोलला नाहीस म्हणजे कमाल आहे. मला वाटलं, विकलेस.”

यावर काय बोलायचं असतं? मी म्हटलं, वाटी मिळालीय, अस्सल आहे. ते म्हणाले, “आणताना हातात आण. बॅगेत टाकू नकोस.”

संध्याकाळी चालत जिंबोचोला गेलो. जुन्या पुस्तकांचा भाग, आपला अप्पा बळवंत चौक शंभरपट करा. तिथे तळघरात एक जाझ किस्सा आहे. किस्सा म्हणजे कॉफीहाउस. युद्धानंतर परदेशी रेकॉर्ड आणि चांगले स्पीकर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, तेव्हा एका कॉफीच्या पैशांत लोक इथे येऊन ऐकत बसायचे. नाव मुद्दाम देत नाही. बारा खुर्च्या आहेत, तुम्ही सगळे गेलात तर मला बसायला मिळणार नाही. ज्यांना पत्ता हवाच असेल त्यांनी शिबुयाच्या ‘लायन’ला जावं. १९२६ पासूनचं, बॉम्बहल्ल्यात जळून १९५० मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. तिथे शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत वाजतं, सगळ्या खुर्च्या स्पीकरकडे तोंड करून, आणि बोलायला मनाई.

माझ्या तळघरात अल्टेकच होते. ड्रमवर ब्रश फिरला आणि मला वाटलं, कुणीतरी मागून सरकत आलं. भोंग्याचा आवाज असा अंगावर येतो, मऊपणा कमी असतो, हे कबूल. तीन तास ऐकून कान थकतातही. पण माणूस गातो तेव्हा तो खोलीत असतो. शेजारचा सूटवाला डोळे मिटून बसला होता, मांडीवर लॅपटॉपची बॅग. मी खिशातली डबी चाचपली.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या रविवारी काकांना आणलं. त्यांना ७८ वर्षं झालीयत, पण स्क्रू त्यांनीच आवळले. पद्धत अशी, की ड्रायव्हरला बारीक आवाजात शुद्ध सूर लावून ठेवायचा, तो हळूहळू वर चढवत न्यायचा, आणि स्क्रू थोडे थोडे आवळायचे. वाटी मध्यातून सरकली की तार घासते, खरखर ऐकू येते. मी लॅपटॉपवर सूर चढवत होतो. पाचशे. हजार. दोन हजार. काका मान तिरकी करून, कान भोंग्याला लावून. तीन हजारला त्यांनी उजवा स्क्रू पाव फेरा ढिला केला, खरखर गेली.

साडेचार हजारला ते म्हणाले, “बंद का केलंस?”

सूर चालूच होता. स्वयंपाकघरातून बायकोने माझ्याकडे बघितलं.

“झालं काका,” मी म्हटलं. “वरचं मी बघतो.”

भोंगा खालच्या वूफरपेक्षा जोरात वाजतो, म्हणून त्याला मागे एक एल-पॅड असतो, आवाज कमी करायचं बटण. जेवणानंतर रेकॉर्ड लावली. काका उठून मागे गेले आणि ते बटण फिरवत बसले, त्यांना पटेपर्यंत. आम्हाला ते फार तिखट होतं, बायकोने कानात बोट घातलं. काका मात्र खुर्चीत टेकले आणि त्यांचा पाय हलायला लागला.

आता बटणाभोवती खडूच्या दोन खुणा आहेत. एक आमची, आणि काका मिरजेहून येतात तेव्हाची एक.