बाकशेजारी आणि बांधशेजारी



सहा वर्षांपूर्वी याच पानावर मी रुंद वरंबा-सरीवरच्या सोयाबीनचे फोटो टाकले होते. बियाणं एकरी ३० किलोऐवजी २२ किलोत भागलं, एवढा पाऊस होऊनही रानात पाणी थांबलं नाही, असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते पाणी गेलं कुठं, हे मात्र लिहिलं नव्हतं. ते आज लिहितो.

मे महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. १९८७ ची बॅच. नोकरीवाल्या मित्रांनी नंबर शोधून ग्रुप काढला. ५२ पैकी ३४ जण आले. सहा जण आता या जगात नाहीत, त्यांना आधी उभं राहून श्रद्धांजली वाहिली. मी खरं तर जाणारच नव्हतो. कारण तो येणार होता.

तो म्हणजे माझा बाकशेजारी. आठवी ते दहावी आम्ही एका बाकावर, दोघांत एक कंपासपेटी. दहावीनंतर दोघांनीही औत धरलं. त्याचं रान माझ्या रानाच्या खालच्या अंगाला, म्हणून बांधशेजारीही तोच. आणि आमचं बोलणं बंद.

चूक माझी होती. ट्रॅक्टरला लांब तास मिळावेत म्हणून मी वरंबे उताराला आडवे न काढता उताराच्या दिशेनं काढले. सप्टेंबरात एका रात्री धो धो पाऊस झाला. प्रत्येक सरीचं पाणी बांध फोडून त्याच्या तुरीत शिरलं आणि दोन दिवस तुंबलं. तुरीला सगळं चालतं, मुळाशी थांबलेलं पाणी चालत नाही. निम्मी तूर उभी वाळली. तो सांगायला आला तर मी म्हणलं, "पाणी उताराकडंच जाणार, त्याला मी काय करू?" त्यानं बांध उंच केला. मग पाणी माझ्या रानात तुंबलं. मी तहसीलला अर्ज दिला. तारखा सुरू झाल्या.

शाळेत सगळे आपापल्या जुन्या जागी बसले. मी मुद्दाम मागं जाऊन बसलो. एकेकानं उठून ओळख करून द्यायची होती. कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत, कुणाची मुलगी जर्मनीत. माझी पाळी आली. तोंडातून निघून गेलं, "काही नाही, शेतीच." थोड्या वेळानं तो उठला. तोही म्हणाला, "काही नाही, शेतीच."

गणिताचे सर ऐंशीच्या पुढचे. ते खुर्चीतूनच बोलले, "काही नाही कसं रे? पेरणीच्या दिवसांत या दोघांना मी शेवटच्या तासाला सोडायचो. इकडं या, एका बाकावर बसा बघू."

सरांना आमचं भांडण माहीत नव्हतं. बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "गुडघे मावंनात लेका या बाकात." मला हसू आलं. त्यानं माझ्याकडं न बघता पुढं सांगितलं, "तूर गेली त्या साली पोरीचं लग्न ठरलं होतं. व्याजानं पैसे काढले."

मला हे माहीतच नव्हतं. लग्नाची पत्रिका आली नाही म्हणून मी उलट रागच धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो. तोही आला. पाणी माझं, म्हणून चर माझ्या हद्दीतून काढायचा ठरला. तीन फूट रुंद, दोन फूट खोल, हलका ढाळ देऊन थेट ओढ्यापर्यंत. जेसीबीचं भाडं मी देत होतो, त्यानं निम्मं बळंच खिशात कोंबलं. चराच्या काठाला मारवेलचे ठोंब लावले. माती धरून ठेवतात, जनावरांना चाराही होतो. या वर्षी वरंबे उताराला आडवे काढलेत, सगळ्या सऱ्यांची तोंडं चरात. अर्ज मागं घेतला.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन दोघं चरापाशी उभे होतो. पाणी ओढ्याला लागलं. त्याची तूर कोरड्यावर आहे.

मंडळी, वरंबा-सरी चांगलीच आहे, मी ती सोडणार नाही. पण पेरायच्या आधी खालच्या रानात जाऊन उभं राहा आणि तिथून आपल्या रानाकडं बघा. कृषी खात्याच्या साहेबांनाही हात जोडून विनंती, सरी सांगताना पाणी कुठं सोडायचं तेही सांगत चला.

आणि बॅचचं बोलावणं आलं तर जा. ज्याच्यामुळं जावंसं वाटत नाही, तो येणार असेल तर नक्की जा.