सेवापूर्तीनंतर

फौजेतल्या माणसाचं लग्न मांडवात लागतं, पण फौजेच्या लेखी ते लागतं पार्ट टू ऑर्डर निघाल्यावर. लग्नाचा दाखला, बायकोचं नाव, जन्मतारीख, फोटो हे सगळं पलटणीच्या ऑफिसात द्यायचं, क्लार्क ते रेकॉर्ड ऑफिसला कळवणार, आणि मग त्या जवानाच्या कागदांत बायको चढणार. मूल झालं की पुन्हा पार्ट टू. आमच्या घरातली प्रत्येक मोठी गोष्ट अशी दोन ठिकाणी नोंदली गेली, एकदा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि एकदा बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्डमध्ये.

हे १९९४ साली भरती झाले. सासरे, म्हणजे आमचे मामा, त्याच रेजिमेंटमधून पेन्शन आलेले. १९७१ च्या लढाईत ते होते. आमच्याकडं यात कुणाला नवल वाटत नाही. अपशिंग्याचंच बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आणि आजही लोक त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. माझ्या वडिलांनी स्थळ बघताना जमीन किती हे नंतर विचारलं, मुलगा फौजेत आहे हे आधी ऐकलं. १९९७ च्या मे महिन्यात लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत यांची सुट्टी संपली.

सुट्टी हा शब्द आमच्या घरात फार मोठा. जवानाला वर्षाची साठ दिवस आणि वर तीस दिवस कॅज्युअल, असा हिशेब कागदावर असतो. प्रत्यक्षात ती तुकड्यातुकड्यानं मिळते, आणि सीमेवर काही हललं की मिळालेलीही जाते. त्यामुळं आमचं कॅलेंडर तिथीवर चालत नव्हतं. नणंदेची सुपारी, घराचा स्लॅब, पालीच्या खंडोबाचं दर्शन, विहिरीचा गाळ, तलाठ्याकडचं सातबाऱ्याचं काम, सगळं ‘हे आले की’ या एका खुंटीला टांगलेलं. झेलम एक्स्प्रेसनं पुण्यापर्यंत, तिथून एसटीनं सातारा आणि पुढं वडापनं गावात, असे हे दोन-तीन दिवसांचा प्रवास करून यायचे. पांढऱ्या रंगानं नाव, नंबर घातलेली काळी ट्रंक उतरली की पोरं गोळा व्हायची. ट्रंकेत अक्रोड, आत्यांसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी, शाल, माझ्यासाठी कापड. पहिले चार दिवस माणसं भेटायला यायची, शेवटचे चार दिवस लाडू-चिवडा करण्यात जायचे. मधल्या दिवसांत यांनी विसावा घेतलेला मी कधी पाहिला नाही. सुट्टीवर आलेला जवान आराम करतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याच्या घरी एक सुट्टी राहून बघावं.

मुलगी झाली १९९९ च्या जूनमध्ये. तेव्हा कारगिल पेटलेलं. हे नेमके कुठं आहेत ते आम्हाला ठाऊक नव्हतं; पत्ता एकच, ५६ ए.पी.ओ. बाळंतपणाला मी माहेरी. वडिलांनी मुलगी झाल्याची तार केली आणि आम्ही उत्तराची वाट बघत बसलो. त्या दिवसांत पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की आई हातातलं काम सोडून दारात जायची आणि त्याच्या हातात पाकीट आहे की तार आहे ते आधी बघायची. पाकीट असलं की तिचा श्वास खाली बसायचा. यांची दोन पत्रं आली ती उलट्या क्रमानं. आधी आलेल्या पत्रात मुलीला काय नाव ठेवायचं ते लिहिलेलं, आणि नंतर आलेल्या पत्रात ‘तब्येत सांभाळ, दिवस भरत आले असतील’ असं. दोन्ही पेन्सिलीनं लिहिलेली, कारण थंडीनं पेनातली शाई गोठायची. ती पत्रं मी जपून ठेवली आहेत. अक्षरं आता पुसट झाली आहेत, पण वाचता येतात.

मुलगा झाला त्याच वर्षी, २००१ च्या डिसेंबरात, संसदेवर हल्ला झाला आणि अख्खी फौज सीमेवर जाऊन उभी राहिली. ऑपरेशन पराक्रम म्हणतात ते. सुट्ट्या बंद. २००२ चा ऑक्टोबर उजाडला तेव्हा फौजा मागं घ्यायचं ठरलं. मुलाचं जावळ वर्षाच्या आत काढायचं होतं, ते राहिलं. मग तिसऱ्या वर्षावर गेलं. केस मानेखाली आले, मी रिबिनीनं बांधायची आणि नवखं माणूस त्याला मुलगी समजायचं. शेवटी हे आले, पोराला त्याच्या मामाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, मांडीवर बसवलं, पहिली बट कापली, तेव्हा हे समोर उभे होते. यांना तो प्रसंग बघायला मिळाला, एवढ्यासाठी मला त्या दोन वर्षांच्या वेण्यांचं काही वाटलं नाही.

मधली काही वर्षं जोधपूरला फॅमिली क्वार्टर मिळालं. ती आमच्या संसारातली सगळ्यात सरळ वर्षं. शेजारी एक कोल्हापूरची, एक रत्नागिरीची, एक बीडची. पलटणीत गणपती बसायचा, शिवजयंतीला गजर व्हायचा, संक्रांतीला वाळवंटात हळदीकुंकू. मुलं केंद्रीय विद्यालयात जायची आणि भांडताना हिंदीत भांडायची. यांची पलटण पुन्हा फील्डला निघाली तेव्हा आम्ही ट्रंका भरून गावी परत आलो.

२००९ मध्ये मामा गेले. यांना कळवलं, पण पोचायला तिसरा दिवस उजाडला. अग्नी दिरांनी दिला. राख सावडायला हे आले, तेव्हा युनिफॉर्म अंगावरच होता, बदलायलाही कुठं थांबले नव्हते. आत्यांनी यांना जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “तुझा बाप पण त्याच्या बापाला असाच पोचला होता.” दोन पिढ्यांचं दुःख त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

पण खरा त्रास पुढं होता. मामांच्या कागदांत आत्यांचं नाव लागलं होतं ते माहेरचं. लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव रेशनकार्डावर, मतदार यादीत, बँकेत, सगळीकडं. जन्मतारीख कुठंच धड नाही. फॅमिली पेन्शनसाठी अर्ज केला तर उत्तर आलं की पत्नीचं नाव जुळत नाही. मग सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं सांगणारे साक्षीदार. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. एका कार्यालयातला माणूस तर आत्यांच्या तोंडावर म्हणाला, “आजी, तुम्ही त्याच कशावरून?” ज्या बाईनं १९७१ चा डिसेंबर रेडिओला कान लावून काढला, तिला हे ऐकावं लागलं. पेन्शन सुरू व्हायला दोन वर्षांवर गेली. मागची रक्कम मिळाली, ती आत्यांनी मोजलीसुद्धा नाही. एसटीतून घरी येताना त्या इतकंच म्हणाल्या, “तुझे कागद बघून घे.”

हे नायब सुभेदार म्हणून २८ वर्षं पुरी करून २०२२ च्या एप्रिलअखेर निवृत्त झाले. त्याआधी बेळगावला सेंटरवर पेन्शन ड्रिल असते. तिथं कागद तयार होतात, सामान जमा होतं, डॉक्टरी तपासणी होते, नवरा-बायकोचा जोडफोटो लागतो. बेळगावच्या स्टुडिओत आम्ही दोघं शेजारीशेजारी बसलो. फोटोवाला म्हणाला, “थोडं जवळ सरका.” लग्नानंतर पंचवीस वर्षांनी दोघांचा तसा नीट काढलेला तो पहिला फोटो. सेंटरवरच्या हवालदार क्लार्कनं माझे कागद समोर मांडून एकेक अक्षर जुळवलं. आत्यांचे हाल बघितल्यावर मी नावाची दुरुस्ती आधीच करून घेतली होती, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली जाहिरात दोन्ही जोडलं होतं. त्यानं सगळं तपासून मान हलवली आणि पुढच्या कागदावर गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या वेळी. वाजतगाजत मिरवणूक निघाली तेव्हा नाही.

मिरवणूक जोरात झाली. हल्ली आमच्या भागात सेवापूर्ती सोहळा होतो. वेशीपासून घरापर्यंत सजवलेली जीप, हलगी, ढोल, चौकात यांचा वर्दीतला मोठा फ्लेक्स. घराघरातून बायका आरतीचं ताट घेऊन बाहेर. गावात फौजेतल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, त्यामुळं ‘मेजर, मेजर’ असा पुकारा. मला हे सगळं आवडलं आणि ते व्हायलाच हवं असं माझं मत आहे. मामा पेन्शन आले तेव्हा ते एकटेच ट्रंक खांद्यावर घेऊन फाट्यावरून चालत आले होते.

नंतरच्या महिन्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही, म्हणून मी लिहिते. रात्री दोनला यांना जाग यायची. बॅटरी घेऊन घराला एक चक्कर, गोठ्याला एक चक्कर, मग ओसरीवर बसून राहायचे. त्या वेळेला कित्येक वर्षं पहाऱ्याची बदली व्हायची, ते शरीर कसं विसरणार? पहाटे पाचला अंघोळ करून, दाढी करून तयार. तयार कशासाठी, ते यांनाच कळत नव्हतं. शेती दिरांनी इतकी वर्षं सांभाळलेली, मोटारीची लाइट कोणत्या आठवड्यात रात्रीची असते तेही यांना दिरांना विचारावं लागायचं. वय सेहेचाळीस. गावातले म्हणायचे, आता निवांत.

घर माझ्या हातात होतं. बँक, सोसायटीचं कर्ज, मुलांची फी, आत्यांची औषधं. मुलगी तोवर पुण्यात नोकरीला लागलेली आणि तिच्यासाठी आलेलं एक स्थळ आम्ही मायलेकींनी नाकारलेलं. हे यांना दिरांकडून कळलं.

“मला का नाही विचारलं?”

“अहो, फोन लागला की तुम्हीच म्हणायचा ना, तू बघ.”

हे काहीच बोलले नाहीत. चप्पल घालून मळ्याकडं गेले. यांचं चुकलं नव्हतं आणि माझंही चुकलं नव्हतं. इतकी वर्षं ज्या रीतीनं घर चाललं, ती रीत बदलायची होती, आणि ती बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. फौज माणसाला पेन्शनचे कागद भरायला शिकवते. घरात पुन्हा रुळायचं कसं, ते नवरा-बायको दोघांनीच शोधायचं असतं.

आमचा मार्ग एका वहीनं काढला. घरखर्चाची माझी वही मी यांच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, या महिन्यापासून तुम्ही लिहा. यांनी रेघा मारून, तारखा घालून ती अशी काही लिहायला घेतली की दूधवाल्याचा हिशेब पहिल्यांदा पैशापर्यंत जुळला. बँकेत आम्ही दोघं जायला लागलो. कोणत्या माणसाकडून कोणतं काम होतं, कुणाशी गोडीनं बोलायचं, कुणाला ठणकावायचं, हे मी सांगत गेले. मुलीचं पुढचं स्थळ यांनी बघितलं, मी मागं राहिले. वर्ष लागलं, पण बसली घडी.

मेस्कोतून, म्हणजे माजी सैनिकांच्या महामंडळातून, सुरक्षारक्षकाचं काम मिळत होतं. यांनी नको म्हटलं. ज्यांनी ते घेतलं त्यांचं काही चुकलं नाही, घरची गरज ज्याची त्याला ठाऊक. पण २८ वर्षं माणसं सांभाळलेल्या माणसाला फाटकावर उभं करण्यापलीकडं आपल्याला त्याचा उपयोग सुचू नये, याचं मला वाईट वाटतं. हे पहाटे गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवायला लागले. कोरोनात भरती थांबलेली, पोरं वय निघून जाईल म्हणून कासावीस. त्यातच २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ जाहीर झालं. चार वर्षं नोकरी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांना पुढं संधी. एक पोरगं मैदानावरच रडलं. हे त्याला म्हणाले, “पळायचं थांबवू नको.” त्यांतली काही भरती झाली आहेत. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या पोराचं वय पंचविशीच्या आसपास असेल, आणि त्याला पेन्शन नसेल. त्याच्यासाठी गावानं जीप सजवावीच, पण दुसऱ्या दिवशी त्याला काम कोण देणार तेही त्याच बैठकीत ठरवावं.

त्या पोरांना हे धावण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवतात: दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि जन्मदाखला यांतलं नाव एकसारखं करून घ्या. मी त्यांच्या आयांना आणि फौजींच्या बायकांना तेच सांगते. तुमच्या लग्नाची, मुलांच्या जन्माची पार्ट टू निघाली आहे का ते विचारा. तिची प्रत मागून घ्या. तुमचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख आधारशी जुळवा. त्यांचा नंबर, युनिट, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता वहीत लिहून ठेवा, बँकेत जोडखातं काढा. काही चुकलेलं असेल तर नोकरी चालू असतानाच दुरुस्त होऊ द्या, कारण तेव्हा क्लार्क शेजारच्या खोलीत असतो; नंतर तेच काम गावातून करायचं म्हणजे आत्यांसारखी वणवण. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं जा, लाजू नका. सुट्टीची वाट बघत बसू नका. आज रात्री त्यांचा फोन आला की पहिलं हेच विचारा, तुमच्या कागदांत माझं नाव कसं लिहिलंय?